फुटलेला घाम, गाळलेला घाम

‘‘मामा, आधी घाम पुस ना जरा!’’

मे महिन्यातली दुपार. ऐरोलीतल्या आमच्या चकाचक ऑफिसची लॉबी. पांढराशुभ्र सोफा, मंद म्युझिक, एसी अठरावर. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा मामा! खांद्यावर दहा किलो तांदळाची पिशवी, एका हातात जांभळांचा डबा, खिशात लेकीच्या लग्नाची पत्रिका. आसनगावहून लोकल पकडून, ठाण्याला गाडी बदलून, स्टेशनवरून चालत आलेला. शर्ट पाठीला पार चिकटलेला. कपाळावरून निघालेली धार हनुवटीवरून टपटप खाली पडत होती. रिसेप्शनवरची मुलगी बघत होती, माझी टीम लीड लिफ्टमधून बाहेर येत होती आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

मामानं काही मनाला लावून घेतलं, असं दिसलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, मान पुसली. मी म्हटलं, ‘‘बस ना.’’ तो सोफ्याकडे बघून म्हणाला, ‘‘नको बाय, डाग पडल.’’ पत्रिका हातात दिली, पिशवी भिंतीशी टेकवली. ‘‘कर्जत-३चा तांदूळ हाय. नवा नाय, पन चांगला हाय. निघतो, गाडी चुकंल.’’ पाच मिनिटांत मामा लिफ्टनं खाली गेलासुद्धा. माझं डेस्क बघायची त्याला किती हौस होती, ते मला नंतर आईनं फोनवर सांगितलं.

झालं, तेव्हापासून ‘घाम’ हा शब्द माझ्या कानाला लागला. एखादं गाणं डोक्यात बसावं ना, तसा!

एसीतला घाम

तुम्हीही एक आठवडा मोजून बघा. मी मोजलं. सोमवारी सकाळी बॉस आला तो ‘‘क्लायंटनं घाम काढला यार!’’ म्हणतच. हे म्हणताना त्याच्या अंगात जॅकेट होतं, कारण त्याच्या केबिनमध्ये थंडी वाजते. मंगळवारी शेजारची म्हणाली, ‘‘अप्रेझलचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो.’’ बुधवारी नव्या पोराला एक्सेल शीट दिली, तर तो म्हणाला, ‘‘नो स्वेट, मॅडम!’’ गुरुवारी पेपरात हेडिंग होतं, बंडखोरांनी उमेदवारांना घाम फोडला. शुक्रवारी रात्री मॅच बघताना कॉमेंटेटर सांगत होता, एका विकेटसाठी बोलर्सना किती घाम गाळावा लागला ते. पाच दिवसांत पाच वेळा घाम निघाला आणि आमच्या फ्लोअरवर खराखुरा घाम कुणाला म्हणजे कुणालाच आला नाही!

खरा घाम आम्ही विकत घेतो. जिममध्ये, महिन्याची फी भरून. तिथे तो आला की आनंद, सेल्फी, कॅलरीचा हिशेब. आणि तोच घाम लोकलमध्ये शेजारच्याला आला की नाकाला रुमाल. ‘घामट’ ही काय शिवी आहे का? डिक्शनरीत नसेलही. पण फर्स्ट क्लासच्या डब्यात कुणी हा शब्द कुजबुजतं, तेव्हा ती शिवीच असते. कल्याणच्या शाळेत मला एकदा कुणीतरी असंच म्हटलं होतं. त्यानंतर मी कधी डिओशिवाय घराबाहेर पडले नाही.

घामाची ही लाज आली कुठून? थोडीफार तरी चक्क जाहिरातीतून. अमेरिकेत ‘ओडोरोनो’ नावाचं घाम रोखणारं औषध विकलं जात होतं. १९१९मध्ये त्याची एक जाहिरात तिथल्या बायकांच्या मासिकात आली. तिचा सूर असा, की तुझ्या अंगाला वास येतो आणि तुला तो कळतही नाही. लोक तोंडावर सांगत नाहीत एवढंच. वाचकबायका भडकल्या, काहींनी मासिकच बंद केलं. पण मालाचा खप वाढला! गंमत म्हणजे घामाला मुळात जवळपास वासच नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर काम करतात, तेव्हा वास तयार होतो. म्हणजे बदनाम घाम आणि कारभार दुसऱ्याचाच.

ऊन, गरमी आणि ‘वॉर्म’

शब्दाचं घराणं मात्र खानदानी आहे. संस्कृतात ‘घर्म’ म्हणजे उष्णता, ऊन आणि घामसुद्धा. त्या ‘घर्म’चा ‘घाम’ झाला. आपल्याकडे उष्णता मागे पडली आणि अंगावरचं पाणी तेवढं उरलं. नेपाळीत आजही ‘घाम’ म्हणजे ऊन! तिथे ‘घाम लागला’ म्हणजे ऊन पडलं. उत्तरेकडच्या अवधी-भोजपुरीतही तेच. म्हणजे तिकडे आकाशातून येतो तो घाम आणि इकडे कपाळावरून.

आणखी मागे गेलं तर फारसीतलं ‘गर्म’, ग्रीकमधलं ‘थर्मॉस’ आणि इंग्लिशमधलं ‘वॉर्म’ ही सगळी याच ‘घर्म’ची चुलत भावंडं निघतात. इंग्लिशमधल्या ‘स्वेट’चं नातं जुळतं ते आपल्या ‘स्वेद’शी. पण ‘स्वेद’ आपण फक्त निबंधात लिहितो. ‘मला स्वेद आला’ असं कुणी बोललं, तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतील!

मला, मी आणि माझा

बरं, या शब्दाची खरी मजा त्याच्या क्रियापदात आहे. ऑफिसातल्या कुठल्याही रटाळ मीटिंगमध्ये करून बघण्यासारखा खेळ आहे हा.

पहिला गट : घाम येतो, सुटतो, फुटतो. इथे वाक्याची सुरुवात ‘मला’ अशी होते. मला घाम फुटला. म्हणजे मी काही केलेलं नाही, ते माझ्या बाबतीत घडलं. भीती, टेन्शन, उकाडा, ताप.

दुसरा गट : घाम गाळणं. इथे ‘मी’. मी घाम गाळते. म्हणजे मी काहीतरी करते आहे, ठरवून करते आहे आणि त्यातून काहीतरी उभं राहणार आहे.

तिसरा गट : घाम काढणं. इथे ‘माझा’. त्यानं माझा घाम काढला. घाम माझा, पण कर्ता दुसराच!

शरीरशास्त्रही पहिल्या दोन गटांच्या बाजूनं आहे बरं का. आपल्या अंगात वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. भीतीचा घाम मुख्यतः तळहात, तळपाय, काख आणि कपाळावर येतो, तेही काही सेकंदांत. उष्णतेचा आणि मेहनतीचा घाम मात्र अख्ख्या अंगावर येतो आणि त्याचं काम ठरलेलं असतं, अंग थंड ठेवायचं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! जो घाम वाळत नाही, नुसता गळून पडतो, तो अंग थंड करत नाही. दमट हवेत नेमकं हेच होतं. ‘घाम गाळणं’ म्हणतात ते हेच. ज्याचा घाम गळतो, त्याला त्या घामाचा फायदाही मिळत नाही.

घामाची छोटी डिक्शनरी

दरदरून घाम फुटणे : पगाराच्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ असा मेल आल्यावर होतं ते.

घामाघूम होणे : दादर स्टेशनचा जिना संध्याकाळी सहाला चढल्यावर होतं ते.

घाम निथळणे : अंगावरून पाण्यासारखा घाम वाहणे. कोकणात ऑक्टोबरमध्ये हे मोफत मिळतं.

घामेजणे : त्याची सौम्य, कवितेत चालणारी आवृत्ती.

घामोळं : मे महिन्यात मानेवर उठणारी पुरळ. पावडर लावा आणि पावसाची वाट बघा.

घाम जिरणे : उन्हातून आल्यावर अंग निवणे. ‘घाम जिरू दे, मग पाणी पी’ हे आजीचं वाक्य.

घामाचा पैसा : कष्टानं कमावलेला. याच्या विरुद्ध असलेला पैसा कुठला, ते सगळ्यांना माहीत असतं.

कसारा लोकल

जुलैमध्ये शनिवार-रविवारला जोडून दोन दिवस सुट्टी टाकली आणि कसारा लोकल पकडली. आईला सांगितलं, आवणीला जाते. आई हसलीच. ‘आवण’ म्हणजे भाताची रोपं आणि ‘आवणी’ म्हणजे ती चिखलात लावणं, एवढं तरी मला माहीत होतं. शेवटची आवणी केली होती तेव्हा मी सातवीत होते आणि तेव्हाही कामापेक्षा चिखलातच जास्त खेळले होते.

गाडी टिटवाळ्याला थांबली. गणपतीचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण जानेवारी १९४५मध्ये याच टिटवाळ्यात किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेले वारली जंगलातल्या आपल्या पाड्यांवर परत गेले ते वेठबिगारी बंद करायचं ठरवून. गोदावरी परुळेकरांनी तो सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. वेठ म्हणजे काय? मजुरी न देता दुसऱ्याचा घाम काढायचा. आपला तिसरा गट!

आसनगावला उतरले. शहापूरहून शेअर जीप, मग किन्हवली आणि तिथून सरळगावच्या अलीकडे आमच्या मामाचं गाव. म्हणजे शहापूर संपत नाही आणि मुरबाड सुरू होत नाही, अशा जागी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार. मधेमधे मात्र पत्र्याचं कुंपण आणि बोर्ड : ‘एनए प्लॉट, फार्महाऊससाठी उत्तम, मुंबईपासून जवळ.’ मामाच्या शेताला लागून असलेल्या शेतातही आता असाच एक बोर्ड उभा आहे.

रात्री जेवताना विषय निघालाच. एजंट दोनदा येऊन गेला होता. म्हणाला, ‘‘काका, कशाला घाम गाळता या वयात?’’ मी मामाला विचारलं, ‘‘मग तू काय म्हटलंस?’’

‘‘काय म्हननार? घाम गाळून दर साली थोडं निघतं. विकून एकदाच निघंल.’’

मामी म्हणाली, ‘‘आनि तो काय फुकट बोलला? त्यालापन कमिशन हायच की.’’

कुणाच्या घामाला काय भाव?

मी एचआरमध्ये आहे. त्यामुळे ‘स्वेट इक्विटी’ हा शब्द मला तोंडपाठ. कंपनी कायदा २०१३, कलम ५४. कंपनीला आपल्या संचालकांना आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्या ज्ञानाच्या, कौशल्याच्या बदल्यात सवलतीत किंवा पैसे न घेता शेअर देता येतात. थोडक्यात, घामाच्या बदल्यात मालकीचा वाटा. चिक्कार सुंदर कल्पना आहे! फक्त हा घाम लॅपटॉपसमोर आलेला असावा लागतो.

कारण मामाच्या गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळी झाली की तिथली बरीच घरं बंद होतात. माणसं, बायका, पोरं सगळी वीटभट्टीवर. भिवंडीकडे, कल्याणकडे. जाण्याआधी मालकाकडून ‘उचल’ घेतलेली असते. कधी आजारपणासाठी, कधी लग्नासाठी, कधी नुसतं पोट भरण्यासाठी. मग भट्टीवर आठवड्याला हातात पडते ती फक्त ‘खर्ची’. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. किती विटा थापल्या, किती उचल, किती खर्ची. हिशेब ठेवणारा मालक आणि घाम यांचा. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६मध्ये झाला. तरीही १९८२मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना याच जिल्ह्यात श्रमजीवी संघटना उभी करावी लागली आणि वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावं लागलं. कायद्यात बंद झालेली गोष्ट शेतात आणि भट्टीवर आपोआप बंद होत नाही.

इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये कपडे शिवणाऱ्या गरिबांना काम वाटून देणारा जो मधला माणूस होता, त्याला नावच मुळी ‘स्वेटर’ होतं. घाम काढणारा! त्यावरून ‘स्वेटशॉप’ हा शब्द आला. प्रकरण इतकं वाढलं, की १८८८मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सला या ‘स्वेटिंग सिस्टीम’च्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तिकडचा ‘स्वेटर’ आणि इकडचा मुकादम भेटले असते, तर त्यांना दुभाषा लागला नसता.

आपल्याकडे हा घाम राजकारणात रोखठोक आणला तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं. १९८०च्या आसपास कांद्याच्या आंदोलनातून ही संघटना महाराष्ट्रभर पोहोचली. दया नको, भीक नको, ‘घामाचे दाम’ द्या, ही तिची मागणी. दोनच शब्द, पण त्यात घाम पहिल्यांदा बिलावर आला. तोवर शेतकऱ्याच्या घामाचं आपण फक्त कौतुक करत होतो. कौतुकाला काय, पैसे पडत नाहीत!

आणि पाण्याचा हिशेब? तो तर विचारूच नका. आपण मुंबईकर घाम आला म्हणून दिवसातून दोनदा शॉवर घेतो ना, त्यातलं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातून येतं. तानसा धरण १८९२चं. पुढे वैतरणेवरची धरणं आणि भातसा. पाइपलाइन इथल्याच माळावरून जाते. आणि एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर जातो. बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. म्हणजे ज्यांचा घाम सगळ्यात जास्त गळतो, त्यांनाच तो भरून काढायला पाणी नाही. मामी सहज म्हणाली, ‘‘तुमच्या नळाला येतं ना, ते आमचंच पानी. आमाला दिसतं, पन मिळत नाय.’’

चिखलात

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेतात. ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. राब भाजून तयार केलेल्या वाफ्यातली रोपं पहाटेच उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. चिखलणी झालेली. मामी आणि चार बायका कमरेत वाकून मागे मागे सरकत होत्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं तीन-चार काड्या चिखलात रोवायच्या. सुईत दोरा ओवावा इतक्या सराईतपणे. माझी ओळ बघून एक काकू म्हणाल्या, ‘‘हिची ओळ कल्याणला चालली वाटतं!’’ सगळ्या हसल्या.

पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं होतं, पावसात कसला घाम? पण वीस मिनिटांत अंगातून वाफा निघायला लागल्या. खोळीच्या आत नुसती अंघोळ. पाऊस कुठला आणि घाम कुठला, काही कळेना. मामीला म्हटलं, तर ती म्हणाली, ‘‘पावसात घाम दिसत नाय, बाय. ओठाला खारट लागला की समजायचं.’’

जीभ फिरवून बघितली. खारट होता.

जिममध्ये मी तासभर ट्रेडमिलवर पळते. समोर आकडा दिसतो, किती कॅलरी जळल्या. इथे कुठलाच आकडा दिसत नव्हता. फक्त मागे बघितलं की माझी वाकडी ओळ आणि तिच्या शेजारी मामीच्या चार सरळ ओळी दिसत होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा भात होईल. कापणी, भारे, झोडणी, गिरणी. आणि मे महिन्यात कुणीतरी तो पिशवीत भरून, खांद्यावर टाकून कुठल्या तरी लॉबीत आणून देईल.

मामा पलीकडच्या बांधावरून मुठी टाकत येत होता. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं. आसनगावपासून मनात जुळवत आले होते. ‘मामा, त्या दिवशी ऑफिसात मी...’ एवढं तोंडावर आलंही. तेवढ्यात कपाळावरून एक धार सरळ डोळ्यात गेली. झोंबलं! डोळा चोळायला मी हात वर नेला.

‘‘हात नको लावू!’’ मामा लांबून ओरडला. ‘‘चिखल जाईल डोळ्यात. येऊ दे घाम. कुनी बघत नाय हितं.’’

मी हात खाली घेतला. मामानं पुढची मूठ माझ्याकडे टाकली आणि मी ती झेलली.